कर शून्य, खटाटोप मात्र मोठा

(अभ्यासलेख : इयत्ता दहावी ते बारावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी, वाणिज्य विभागाकडून)



२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आपल्या शिशुवर्गात अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई शाळेत आल्या. इंदूरच्या मराठी वस्तीतल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडे अक्षरे गिरवली. आम्हा शिक्षकांपैकी दोघे त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत बँकेची सहा-सात पाकिटे होती आणि त्यांतले एकही फोडलेले नव्हते.

"बाई, ही पाकिटे उघडली नाहीत तुम्ही?" आम्ही विचारले.

"अरे, वर इन्कम टॅक्सचं काहीतरी लिहिलंय. उघडायची भीतीच वाटते. मी कुणाचं काही बुडवलेलं नाही रे!"

बाईंनी खरोखरच कुणाचे काही बुडवले नव्हते. उलट त्यांचेच पैसे अडकले होते. ते कसे अडकले, हे समजावून घेताना आम्हालाही बरेच शिकायला मिळाले. तेच या अंकात आपल्यासमोर ठेवीत आहोत.

बाईंचा हिशोब

बाईंचे वय ६९. यजमान सरकारी नोकरीत होते. त्यांच्या मागे बाईंना दरमहा २०,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये. आयुष्यभराची शिल्लक एका बँकेत मुदत ठेवीत आहे. तिच्यावर २०२४-२५ या वर्षात १,२०,००० रुपये व्याज मिळाले. एकूण उत्पन्न ३,६०,००० रुपये.

त्या वर्षी ज्येष्ठ नागरिकाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले की बँकेने १० टक्के कर कापून सरकारात भरावा, असा नियम होता. (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १ लाख रुपये झाली.) बँकेने नियमाप्रमाणे १२,००० रुपये कापले. यालाच आपण टीडीएस म्हणतो.

आता बाईंवर प्रत्यक्ष कर किती बसत होता? त्या वर्षीच्या नव्या करपद्धतीत कुटुंब निवृत्तिवेतनातून २५,००० रुपयांची वजावट होती. ती जाता करपात्र उत्पन्न उरले ३,३५,००० रुपये. त्यातले ३ लाख करमुक्त. वरच्या ३५,००० रुपयांवर ५ टक्क्यांनी १,७५० रुपये कर येतो. पण ७ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना पूर्ण करसवलत होती, म्हणून तोही माफ. थोडक्यात, बाईंचा कर शून्य!

कर शून्य असूनही विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरणे मात्र त्यांना बंधनकारक होते, कारण उत्पन्न ३ लाखांच्या वर होते. ते भरल्याशिवाय कापलेले १२,००० रुपये परत मिळणार नव्हते. आदल्या दोन वर्षांचे अनुक्रमे ९,००० आणि १०,५०० रुपये असेच कापले गेले होते. त्या वर्षांची रिटर्न भरण्याची मुदत केव्हाच उलटली होती. ज्या बाई भाजीवाल्याकडचा रुपया-दोन रुपयांचा हिशोब चुकू देत नाहीत, त्यांचे १९,५०० रुपये केवळ न समजल्यामुळे सरकारजमा होऊन पडले होते.

चांगला कर कोणता?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ॲडम स्मिथ यांची करविषयक चार सूत्रे तुम्ही वाचली असतील. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात ती आहेत. परीक्षेत चार गुणांसाठी आपण ती पाठ करतो. आज ती बाईंच्या उदाहरणाला लावून पाहू.

१. समता : प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे कर द्यावा. बाईंचा कर शून्य ठरतो, म्हणजे कायद्याचा हेतू चांगलाच आहे.

२. निश्चितता : किती कर, केव्हा आणि कसा द्यायचा, हे देणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे. इथे आपले गाडे अडते. बाईंना ते कळत नव्हते, आणि खरे सांगायचे तर वाणिज्य शिकवणाऱ्या आम्हालाही तीन वेळा नियम पडताळून पाहावे लागले.

३. सोय : कर देणे सोयीचे असावे. बँकेने परस्पर कर कापणे ही सरकारची सोय झाली. ज्याचा कर शून्य आहे त्याची त्यात गैरसोयच.

४. काटकसर : लोकांच्या खिशातून जेवढे जाते, त्यातले जास्तीत जास्त तिजोरीत पोहोचावे. बाईंच्या बाबतीत तिजोरीत शेवटी काहीच राहणार नव्हते. तरी रिटर्न भरून देणाऱ्याचे ७०० रुपये, रिक्षाचे भाडे आणि बँकेच्या चार खेपा एवढा खर्च झालाच.

या चौथ्या सूत्राकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. कराचा बोजा म्हटला की आपण फक्त दर पाहतो. पण वेळ, फी, हेलपाटे आणि मनातली धास्ती हाही बोजाच आहे, आणि तो ऐपतीप्रमाणे वाटला जात नाही. मोठा व्यापारी सगळी कागदपत्रे सीएकडे सोपवून मोकळा होतो. त्याच्या उत्पन्नाच्या मानाने ती फी किरकोळ असते. विधवा निवृत्तिवेतनधारक, छोटा दुकानदार, शिकवण्या घेणारी तरुणी यांना तेवढीच फी जड जाते. कराचा दर गरिबाला कमी आहे, पण किचकटपणाचा दर त्यालाच जास्त पडतो.

हे इतके किचकट झाले कसे?

ब्रिटिश हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी हा कर आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. कर मात्र राहिला. पुढे १८८६, १९१८ आणि १९२२ असे कायदे होत गेले. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला.

या १९६१ च्या कायद्यात मुळात २९८ कलमे होती. दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर दुरुस्त्या होत गेल्या. एका कलमाच्या पोटात दुसरे, त्याला परंतुक, परंतुकाला स्पष्टीकरण, असे करता करता कलमांची संख्या ८०० च्या वर गेली. १९७३-७४ साली तर दराचे अकरा टप्पे होते आणि अधिभार धरून सर्वात वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हाती राहत! सततच्या दुरुस्त्यांवर नानी पालखीवाला यांच्यासारखे कायदेपंडित वर्षानुवर्षे टीका करीत राहिले. २००२ साली डॉ. विजय केळकर यांच्या समितीने सवलतींचे जंजाळ कमी करून पद्धत सोपी करावी, असे सुचवले होते.

मित्रांनो, हे जंजाळ कोणी दुष्टपणाने विणले असे समजू नका. लोकांनी बचत करावी म्हणून एक वजावट आली, घर बांधावे म्हणून दुसरी, आरोग्य विमा घ्यावा म्हणून तिसरी. प्रत्येक सवलतीचा गैरफायदा घेणारे निघाले, म्हणून तिला अटी लागल्या. प्रत्येक गाठ मारताना काही ना काही कारण होते. गाठी मोजायला मात्र कोणी बसले नाही.

एकच उदाहरण पाहा. ७५ वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना रिटर्न भरण्यातून सूट देणारे कलम २०२१ साली आले. ऐकायला किती छान! पण अट अशी की, उत्पन्न फक्त निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच हवे आणि व्याजही त्याच ठरावीक बँकेतले हवे. म्हणजे आजोबांनी पोस्टात चार पैसे ठेवले की सूट गेली.

दोन पद्धती, एक डोकेदुखी

२०२० च्या अर्थसंकल्पाने सोपेपणासाठी नवी करपद्धत आणली. तिच्यात दर कमी आणि वजावटी जवळजवळ नाहीत. पण जुनी पद्धतही चालू राहिली. त्यामुळे सोपे होण्याऐवजी दोन्ही हिशोब करून बघण्याचे काम वाढले. २०२३-२४ पासून नवी पद्धत मूळ धरली जाते आणि जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशात ७.२८ कोटी रिटर्न भरली गेली. त्यांतली सुमारे ७२ टक्के नव्या पद्धतीची होती.

२०२५-२६ या वर्षाच्या दरांनी एक गणित सोडवू. एका पालकांचा वार्षिक पगार १४ लाख रुपये आहे.

जुनी पद्धत : प्रमाणित वजावट ५०,०००, विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे बचत १,५०,०००, गृहकर्जाचे व्याज २,००,०००, स्वतःचा आरोग्य विमा २५,०००, वृद्ध आईवडिलांचा ५०,०००, राष्ट्रीय पेन्शन योजना ५०,०००. एकूण वजावट ५,२५,०००. करपात्र उत्पन्न ८,७५,०००. पहिले अडीच लाख करमुक्त, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, उरलेल्या ३,७५,००० वर २० टक्क्यांनी ७५,०००. बेरीज ८७,५००, त्यावर ४ टक्के उपकर ३,५००. एकूण ९१,००० रुपये.

नवी पद्धत : वजावट फक्त ७५,०००. करपात्र उत्पन्न १३,२५,०००. पहिले ४ लाख करमुक्त, ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या १,२५,००० वर १५ टक्क्यांनी १८,७५०. बेरीज ७८,७५०, उपकर ३,१५०. एकूण ८१,९०० रुपये.

म्हणजे वर्षभर सहा प्रकारच्या पावत्या जमवूनही जुन्या पद्धतीत ९,१०० रुपये जास्तच जातात. घरभाडे भत्ता किंवा इतर वजावटी असतील तर उत्तर फिरूही शकते. हिशोब केल्यावाचून ते कळत नाही, हीच तर अडचण.

बारा लाखांचा गैरसमज

'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य २०२५ च्या फेब्रुवारीपासून सर्वांच्या तोंडी झाले. त्यातून तीन गैरसमज पसरले आहेत.

पहिला : करमुक्त मर्यादाच १२ लाख झाली. नाही. मर्यादा ४ लाखच आहे. १२ लाखांपर्यंत जो कर येतो तो सवलत म्हणून माफ होतो. म्हणून ४ लाखांवर उत्पन्न असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरलेच पाहिजे.

दुसरा : १२ लाखांवर एक रुपया गेला की ६०,००० रुपये भरावे लागतात. तसे नाही. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर कोष्टकाप्रमाणे कर ६१,५०० येतो. पण १२ लाखांच्या वर जेवढे गेले तेवढाच, म्हणजे १०,००० रुपये कर आणि त्यावर उपकर द्यावा लागतो. याला सीमांत सवलत म्हणतात.

तिसरा : सवलत सर्व प्रकारच्या उत्पन्नाला आहे. शेअर विकून झालेल्या ज्या नफ्यावर खास दराने कर लागतो, त्याला ती मिळत नाही. मोबाइलवर शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

नावाचा घोळ

बाईंचे रिटर्न भरले, पण परतावा खात्यात जमा होईना. कारण शोधता असे दिसले की पॅन कार्डावर माहेरचे नाव आहे आणि पासबुकावर सासरचे. आपल्याकडे जुन्या रीतीने लग्नात मुलीचे आडनावच काय, पाळण्यातले नावही बदलत असत. मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येई. घरात हे सर्वांना ठाऊक असते, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती. बँकेत विवाहाचा पुरावा देऊन नावे जुळवण्यात दीड महिना गेला.

पॅनमधल्या दहा चिन्हांतही अर्थ असतो. चौथे अक्षर 'पी' असेल तर ते व्यक्तीचे, 'टी' असेल तर न्यासाचे. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. घरातल्या माताभगिनींचे पॅन कार्ड काढून हे अक्षर माहेरचे आहे की सासरचे, ते आजच पाहा. पुढे लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र सर्व कागदांवर नाव एकच ठेवा.

विश्वस्त मंडळासाठी दोन शब्द

आपल्यासारख्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थाही या नियमांतून सुटत नाहीत. २०२१ पासून धर्मादाय संस्थांची नोंदणी कायमची न राहता मुदतीची झाली. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत सरकारला कळवावी लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. ही यादी गेली नाही तर देणगीदाराला वजावट मिळत नाही. २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करपद्धतीत तर या देणगीवर वजावटच नाही. म्हणून देणगीदारांना पावती देतानाच हे स्पष्ट सांगावे, अशी आमची विनंती आहे. पाचशे रुपये देणाऱ्याचा विश्वास पाच लाखांइतकाच मोलाचा असतो.

दुसरी बाजू

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आज रिटर्नमध्ये बरीच माहिती आधीच भरून येते. परतावा पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर मिळतो. आणि १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात ५३६ कलमे आहेत आणि शब्दसंख्या सुमारे ५.१२ लाखांवरून २.६ लाखांवर आली. 'आधीचे वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आले. या जोडगोळीपायी आमच्यापैकी एकाने पूर्वी चुकीच्या वर्षाच्या चलनावर कर भरला होता, म्हणून हा बदल आम्हाला फार आवडला! ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशोब मात्र जुन्याच कायद्याने होतो.

या नव्या कायद्याची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या मूळ विधेयकात, मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला परतावा मिळणार नाही अशी तरतूद होती. बाईंसारख्यांवर तो घालाच होता. लोकांनी व जाणकारांनी हरकती घेतल्या, संसदेच्या प्रवर समितीने ती तरतूद काढण्यास सुचवले आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. कायदा वाचणारा नागरिक कायदा बदलूही शकतो, हे यातून दिसते.

दर आणि करमुक्त मर्यादा यांचे जे व्हायचे ते होवो, आमचे म्हणणे एवढेच आहे : ज्याला कर द्यायचा नाही, त्याला ते सिद्ध करण्यासाठी खिशाला खार लागू नये. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच होतात. कर चुकवणे हा मार्ग नव्हेच. पण प्रामाणिकपणाही परवडला पाहिजे.

घरोघरी करण्यासारखे

१. घरातल्या ज्येष्ठांचा कर शून्य असेल तर एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत 'कर कापू नये' असे घोषणापत्र द्या. ते दरवर्षी नव्याने द्यावे लागते. नव्या कायद्यात फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून क्रमांकापेक्षा काम सांगून फॉर्म मागा.

२. बँकेचे पाकीट आले की फोडा. न फोडलेले पाकीट महाग पडते.

३. पॅन, आधार आणि पासबुक यांवरील नाव जुळवून पाहा.

४. कापलेला कर किती, हे वर्षातून एकदा आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासा.

५. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका. मदत करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यालाही नाही.

स्वाध्याय

१. करपात्र उत्पन्न १२,३०,००० असल्यास २०२५-२६ च्या नव्या पद्धतीने सीमांत सवलतीसह कर व उपकर काढा.

२. दरमहा २०,००० रुपये निवृत्तिवेतन स्वतः निवृत्त व्यक्तीला मिळाले तर नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. तेच कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून पत्नीला मिळाले तर जास्तीत जास्त २५,००० रुपये. हा फरक योग्य आहे का? दहा ओळींत मत लिहा.

३. शेजारच्या एका आजी-आजोबांना या महिन्यात मदत करा आणि त्यांच्या कोणत्या अडचणी तुम्हाला आधी ठाऊक नव्हत्या, ते वर्गात सांगा.

बाईंना १२,००० रुपये अखेर मिळाले. आधीच्या दोन वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्याला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. तो अर्ज अकरावीच्या एका विद्यार्थिनीने आमच्या देखरेखीखाली लिहिला. बाईंनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि मगच सही केली. त्या १९,५०० रुपयांचा निर्णय अजून यायचा आहे. पाकिटे मात्र आता आल्या दिवशीच फोडली जातात.